वळणावरच्या सात चिंध्या

जेवणं झाली आहेत. फाल्गुनातली दुपार आहे, घराचा पत्रा तापून मधूनच कडकन वाजतो. मी पडवीत घोंगडीवर आडवी झाले आहे आणि मला झोपायचं नाही. चार दिवस झाले, मी दुपारी डोळा लागू देत नाही. डोळा लागला की कोण येणार ते मला ठाऊक आहे.

पण झोप पायांकडून येते. आधी अंगठे जड होतात, मग पिंढऱ्या. कान सगळ्यांच्या शेवटी झोपतात. म्हणून खाली धरणाच्या पाण्यावर हंस बोलताहेत ते मला अजून ऐकू येतं. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते हंस दर थंडीत येतात आणि ऊन तापायला लागलं की जातात. जायच्या आधी ते असेच बोलतात, बाजाराला निघालेल्या बायांसारखे, सगळे एकदम. मी ते ऐकत राहते. कमरेपर्यंत झोप आली आहे.

"ठके."

मी ओ देत नाही. माझी सासू सांगायची, मेलेल्या माणसाला तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही.

"ठके, बहिरी झालीस का? उजाडत आलं. दुर्बीण घे."

ही दुसरी हाक. मी मनातल्या मनात मोजते.

"मोजतीस काय? मला समदं ऐकू येतंय," ती म्हणते. "ऊठ."

मी उठते. पडवीच्या खांबाला टेकून नवसावन्सं उभी आहे. माझी नणंद. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. विधवा होऊन लहान लेकीला घेऊन माहेरी आली ती कायमची, आणि गेल्या फाल्गुनात धरणाच्या गाळात गेली. येत्या सोमवारी वर्ष होईल. तिने नेसलंय ते हिरवं लुगडं, केस चापून बसवलेले, हातात काठी. ओली नाही. मला वाटलं होतं, ती ओली असेल.

"अशी काय बघतीस? नवी नवरी असल्यागत," ती म्हणते. "चल. आज मोजणी हाये."

आमच्या कुंभदऱ्याच्या धरणावर आम्ही दोघी पाखरं मोजायचो. शहरातले पाखरं बघणारे लोक एकदा आले, त्यांनी एक दुर्बीण दिली, चित्रांचं पुस्तक दिलं, आणि माघ-फाल्गुनात कुठली पाखरं किती उतरली ते लिहून कळवा म्हणाले. वन्संचे डोळे घारीचे. ती बघून आकडा सांगायची, मी लिहायची. लिहायला मी त्यासाठीच शिकले, साठीला टेकल्यावर, शाळेतल्या साक्षरतेच्या वर्गात. वन्संही आली होती. तिसऱ्या दिवशी पाटी ठेवून उठली. म्हणाली, "मला पाखरं वळखता येत्यात, तेवढं बास. त्यांना तरी कुठं वाचता येतंय?"

मी उंबरा ओलांडते. पुढे अंगण यायला हवं. अंगण येत नाही, धरणाची भिंत येते. लांबच लांब, दगडी, आणि पलीकडचं टोक धुक्यात. आत घरात सगुणा असेल म्हणून मी वळून बघते, तर मागेही भिंतच आहे.

"तिला कशाला बघतीस?" वन्सं न वळता म्हणते. "ती काय येतीये आपल्यासंगं? तिला पाखरांचा राग हाये."

सगुणा तिची लेक. आता माझ्याजवळच राहते.

आम्ही भिंतीवरून खाली उतरतो. पाणी पार मागे हटलंय आणि गाळ उघडा पडलाय, भेगाळलेला, राखेच्या रंगाचा. काठाला कोवळं गवत उगवलंय आणि त्यात हंसांचा थवा चरतोय. आता थांबायला हवं. माणूस ऐंशी पावलांवर आलं की हे हंस माना वर करतात, साठ पावलांवर उडतात. हे तिनेच मला शिकवलंय. पण वन्सं थांबत नाही. ती थव्यात शिरते. काठी टेकत, लुगडं सावरत, माजघरातून जावं तशी जाते. एकही हंस मान उचलत नाही. एकाच्या पाठीवर तिचा पदर घासून जातो, तरी तो चरतच राहतो.

मी एक पाऊल टाकते. सगळ्या माना वर होतात.

सगळा थवा माझ्याकडे बघतोय. उडत नाही. बघतोय.

"बघ," ती पलीकडून म्हणते, "कुणाला भ्यायचं ते पाखरांना कळतं."

इथे मला ती गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर थवा माझ्याकडेच का बघतोय ते कळायचं नाही.

धरणाच्या पोटात आमचं जुनं गाव आहे. माघात पाणी उतरलं की त्या गावावरचा गाळ उघडा पडतो. वरून सगळा सारखाच दिसतो, पण एका जागी बैल पेलतो आणि चार हातांवर वासरूही पेलत नाही. म्हणून आम्ही दोघी दरवर्षी काठीने गाळ चाचपून वाट काढायचो आणि वाटेवर बांबूच्या काठ्या रोवायचो. अंधूक उजेडात दिसाव्यात म्हणून प्रत्येक काठीला जुन्या लुगड्याची चिंधी. ती रांग बुडालेल्या देवळाच्या ओट्यापर्यंत जायची. ओट्यावर बसून मोजणी. रांग एका ठिकाणी विळ्यासारखी वाकडी जायची, कारण तिथे गावाची जुनी विहीर होती, गाळाने काठोकाठ भरलेली. वर पापुद्रा धरलेला असायचा. खाली काय आहे ते फक्त आम्हाला माहीत.

गेल्या वर्षी मोजणीच्या आदल्या दिवशी हंस पहिल्यांदाच त्या वळणापाशी उतरले. वाऱ्याने चिंध्या फडफडायच्या आणि ते बिचकून उठायचे. इतका मोठा थवा आम्ही कधी मोजला नव्हता. उद्यापर्यंत टिकावा असं मला वाटलं. मी वळणावरच्या सात काठ्यांच्या चिंध्या सोडल्या आणि ओच्यात घेतल्या. वन्संला संध्याकाळी सांगायचं होतं.

संध्याकाळी घरात मायलेकींचं जुंपलं होतं. काय कारण होतं ते आता आठवतही नाही. सगुणा शेवटी म्हणाली, "जा एकदाची त्या पाखरांबरोबर, म्हंजे सुटंन मी." वन्सं जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून झोपली. मी चिंध्यांचं बोललेच नाही. सकाळी बोलू म्हटलं. सकाळी मला जाग उशिरा आली. बाहेर धुकं होतं, आणि ती एकटीच पुढे गेली होती. वळणाअलीकडची शेवटची चिंधी तिला दिसली असेल, आणि समोर धुक्यात वळणापलीकडची पहिली. मधलं काहीच दिसलं नसेल. ती सरळ गेली.

मी पोचले तेव्हा विहिरीवर तिची काठी आडवी पडली होती. बाकी काही नव्हतं.

मी ओरडले. पण त्याआधी ओच्यात तशाच राहिलेल्या सातही चिंध्या परत बांधल्या. गाठी मारताना माझे हात थरथरत नव्हते, हे मी विसरू शकत नाही.

लोक म्हणाले, चकवा लागला. सगुणाला ते पटलं नाही. वाट पाठ असलेली बाई, काठ्या जागच्या जागी, चिंध्या जागच्या जागी. तिला वाटलं, आई माझ्या शब्दावर गेली. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती पुटपुटते, "आई, माझ्या जिभेला आग लागली असती तर बरं झालं असतं." मी पलीकडे बसून ऐकते. मला मूल नाही, नवरा गेला. ती मला आंघोळीचं पाणी काढून देते, डोक्याला तेल लावते. मी ऐकते आणि गप्प राहते.

"आलीस का?" वन्सं हाक मारते.

मी पुढचं पाऊल टाकते तर पायाखाली गाळ नाही, शहाबादी फरशी आहे. शाळेची खोली. साक्षरतेचा वर्ग. बाया सतरंजीवर माझ्याकडे पाठ करून बसल्यात. शिकवणाऱ्या बाई फळ्याशी उभ्या आहेत. फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: वाक्य पूर्ण करा. नवसाबाई गाळात गेली, कारण...

"ठकूबाई, या," बाई म्हणतात आणि खडू पुढे करतात.

मी लिहिते, धुकं होतं.

बाई पुसतात. "पुन्हा."

मी लिहिते, चकवा लागला.

"पुन्हा."

मागच्या रांगेतून वन्सं हसते. "बघून लिहू नगंस, ठके. अख्ख्या गावानं हेच लिवलंय."

"बाई, मला येत नाही," मी म्हणते.

"येतं," बाई म्हणतात. "सगळ्यांच्या आधी तुम्हालाच आलं होतं."

खोलीत गाळाचा वास येतोय. सतरंजीच्या कडा ओल्या होत चालल्यात, बाया मात्र हलत नाहीत. माझ्या हातातला खडू मऊ पडतो. मी मूठ उघडून बघते तर त्यात चिंधी आहे, हिरवी. मला ओरडायचं आहे, पण बाई माझ्याकडे बघताहेत, म्हणून मी मूठ मिटते आणि पदराखाली लपवते. लपवताना मला माझीच लाज वाटते, आणि तरी मी लपवते.

दार कुठे आहे ते मी शोधते. दार उघडलं की गल्ली लागते.

जुन्या गावची गल्ली. शेणाने सारवलेली, उन्हात. हे गाव पाण्याखाली गेलं तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. आता घरांना कौलं आहेत, दारात कोंबड्या आहेत, पण माणूस एकही नाही. गल्लीच्या टोकाला विहीर. काठावर वन्सं बसली आहे आणि ती पंचविशीची आहे. ओले केस पाठीवर सोडून विंचरते आहे.

"पाणी वढ," ती म्हणते.

मी रहाटाचा दोर हातात घेते. पोहरा जड आहे. मी ओढते, दोर थोडा वर येतो आणि तेवढाच खाली जातो, जणू खालूनही कुणी ओढतंय. विहिरीतून आवाज येतो. हंसांचा. खोल, घुमलेला, सगळे एकदम.

"वाकून बघ. किती हायेत सांग."

"नको, वन्सं."

"मोजणीला आलीस आन् मोजत नाहीस? बरं, मी मोजते." ती वाकते आणि बोट नाचवत मोजू लागते. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात." थांबते. पुन्हा पहिल्यापासून. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात." शेकड्यांनी मोजणारी बाई. हजाराचा थवा एका नजरेत सांगणारी. "एक, दोन..."

"पुढं मोजा की," मी म्हणते. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटतो.

"पुढं नायच," ती म्हणते. "सातच हायेत."

दोर माझ्या हातून सुटतो. रहाट गरागरा फिरतो आणि ऊन विझतं. कौलं नाहीत, गल्ली नाही. धुकं आहे. आम्ही दोघी गाळावर उभ्या आहोत आणि ती पुन्हा म्हातारी आहे. अलीकडे एक काठी आहे, तिला चिंधी. पलीकडे धुक्यात एक काठी, तिला चिंधी. मध्ये सात उघड्या काठ्या वाकड्या गेल्यात, पण राखेवर राख दिसत नाही तशा त्या दिसत नाहीत.

तिने माझं मनगट धरलंय. कधी धरलं ते मला कळलं नाही. हात गार नाही. चुलीपुढून उठून आलेल्या बाईचा असतो तसा ऊन आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

"माझ्या चिंध्या कुठं गेल्या, ठके?"

"वाऱ्यानं नेल्या."

माझे पाय घोट्यापर्यंत खाली जातात. गाळ गच्च धरतो. ती आहे तिथेच आहे.

"कुठं गेल्या?"

"गुरं आली असतील चरत. त्यांनी खाल्ल्या."

गुडघ्यापर्यंत. धुक्यातून टिटवी ओरडत जाते आणि परत येते.

"हिरव्या लुगड्याच्या व्हत्या," ती म्हणते, मुलाला समजावावं तशी. "माझ्या. मीच फाडून दिल्या व्हत्या तुला. गाठी तू मारल्यास. गुरांना कुठल्या सुटतात तुझ्या गाठी?"

मी हात सोडवायला बघते. ती आणखी घट्ट धरते. मांड्यांपर्यंत गाळ आलाय आणि खाली तळ नाही, पाय हलवले तर नुसती पोकळी लागते. मी रडते आहे. मी म्हणते, "मी सोडल्या. मी सोडल्या वन्सं, थवा उठू नये म्हणून सोडल्या, संध्याकाळी सांगणार होते, राहून गेलं. आणि तुम्ही गेल्यावर मीच परत बांधल्या."

सगळं थांबतं. टिटवीसुद्धा.

"बरं," ती म्हणते.

मी वाट बघते. आता ती मला खाली ढकलेल किंवा वर ओढेल. ती दोन्ही करत नाही.

"हे मला कशाला सांगतीस? मी गेले तिथून, मला ठावं नसंल का? गाळात जाताना मागं वळून बघितलं मी. उघड्या काठ्या दिसल्या. तवाच कळलं. म्हटलं, ठकीचं काम. हंस बसावेत म्हणून केलं आसंल." ती नाकातून हसते. तिची ती सवय. "चांगला थवा व्हता गं."

"मला माफ करा."

"माझ्या माफीचं लोणचं घालतीस का? मी मेलेली बाई. माझं पोर जितं हाये." आता ती वाकते, तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ येतं. डोळे तेच, घारीचे. "रोज दिवा लावून मला सांगतं, आई मी तुला मारलं. रोज. मी तिथं वरडून वरडून सांगते, बाई तू नाय. तिला ऐकू जात नाय. तुला जातं. मंग?"

"ती मला टाकील, वन्सं."

"टाकील."

"या वयात माझं कोण बघणार?"

"ते मला काय ठावं." "इतके दिस वाटलं, तू मला भेतीस. दुपारची झोपत नाय, घोंगडीवर नुसती तळमळतीस. मला हसू यायचं. तू मला भेत नाहीस, ठके. तू तिला भेतीस."

हे खरं आहे. गाळ कमरेला लागलाय आणि हे खरं आहे.

"आज सांग," ती म्हणते. "सोमवारी सांगीन, पाखरं गेल्यावर सांगीन, आसं नको. तुझं संध्याकाळचं सांगणं मला ठाऊक हाये." आणि ती माझं मनगट पिळते, इतक्या जोरात, जुन्या कापडाचं पाणी काढावं तसं, की मी किंचाळते.

"मामी! मामी, काय झालं?"

पत्रा. पडवी. ऊन अजून खांबापर्यंतच आलंय, म्हणजे फार वेळ गेलेला नाही. सगुणा आतल्या दारात उभी आहे. नागलीच्या पापडाचं पीठ मळत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत लालसर पिठाने भरलेत. ते तिने अंगापासून लांब धरलेत, कशाला लागू नयेत म्हणून.

"वरडलात केवढ्यानं. वाईट स्वप्न पडलं का?"

"तू मला हलवलंस का? हात धरलास का?"

"आवो, हे बघा हात. मी आत्ता आले दारात."

मी माझं उजवं मनगट बघते. पीठ नाही. बाहेरच्या बाजूला चार वळ आहेत, आतल्या बाजूला एक. लाल, ताजे, हळूहळू वर येताहेत. माझ्याच हाताने होतील असे ते नाहीत, मी डावा हात लावून बघते, बोटं उलटी पडतात.

मला वाटतं, पाणी माग आणि पिऊन पुन्हा झोप. ती काही विचारणार नाही. संध्याकाळी दिवा लावील, माझ्या डोक्याला तेल लावील.

"सगुणा," मी म्हणते, "बस इथं."

"पीठ सुकंल."

"सुकू दे. बस."

ती बसते. मी तिच्याकडे न बघता सांगते. हंसांपासून सुरू करते आणि गाठींपाशी संपवते. मध्ये एकदाही थांबत नाही, कारण थांबले असते तर पुन्हा संध्याकाळ झाली असती. "तुझी आई तुझ्या शब्दानं गेली नाही," मी म्हणते. "ती मोजणीला गेली. रोजच्यासारखी. मी वाट मोडली होती."

खाली पाण्यावर एवढा गलबला आहे, पण आमच्या पडवीत पिठाचा सुकून पापुद्रा होताना ऐकू यावा इतकं शांत आहे. मग सगुणा पदराला उजवा हात पुसते, नीट, एकेक बोट, आणि माझं मनगट हातात घेते. ती आपली बोटं त्या वळांवर ठेवून बघते. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. तिची बोटं आखूड पडतात. प्रत्येक वळ तिच्या बोटापुढे पेरभर उरतो.

"आईचा हात," ती म्हणते. मला नाही, त्या मनगटाला.

मग मान वर करते. वर्षभरात तिने माझ्याकडे असं सरळ बघितलेलं नाही.

"आधी चिंध्या बांधल्यात," ती विचारते, "आन् मग वरडलात?"

"हो."

ती माझा हात माझ्या मांडीवर ठेवते. टाकत नाही, ठेवते. आणि उठून आत जाते. मी पडवीत बसून आहे, मनगट मांडीवर उताणं, आणि वळ अजून गेलेले नाहीत.